स्वॉटचे चार चौकोन भरताना या चुका टाळा

भोसरी-पिंपरीच्या औद्योगिक पट्ट्यात गुरुवारी सुट्टी असते. मशीन बंद असतात, फोनही कमी येतात, म्हणून पुढच्या दोन-तीन वर्षांचा आराखडा करायला बरेच उद्योजक याच दिवशी बसतात. फळ्यावर स्वॉटचे चार चौकोन (बलस्थानं, उणिवा, संधी, धोके) काढले जातात, तासाभरात भरतात आणि शुक्रवारच्या पहिल्या पाळीपासून काम पूर्वीसारखंच चालू राहतं. पद्धत चांगली आहे. भरताना गडबड होते.

बलस्थानांना पुरावा नसणं

‘उत्तम गुणवत्ता, अनुभवी कामगार, वेळेवर डिलिव्हरी.’ हा कागद शेजारच्या शेडच्या मालकाने नाव बदलून वापरला तरी चालेल, मग त्यात तुमचं असं काय राहिलं? प्रत्येक ओळीपुढे आकडा मागा. गेल्या वर्षभरात ग्राहकाकडून किती नग रिजेक्ट होऊन परत आले? किती ऑर्डरी ठरल्या तारखेला गेल्या? ही माहिती रिजेक्शनच्या रजिस्टरमध्ये आणि चलनांवर असते. म्हणून बैठकीला स्टोअर आणि डिस्पॅच सांभाळणाऱ्यांना बोलवाच. मालक आणि अकाउंटंट दोघांनीच भरलेला स्वॉट बहुतेक वेळा गोड निघतो.

इच्छेला संधी म्हणणं

‘नवीन सीएनसी (संगणकावर चालणारं मशीन) घेणे’ ही संधी नव्हे, तो तुमचा निर्णय. आपण उद्या शेडला कुलूप लावलं तरी जी गोष्ट बाजारात घडणारच आहे, तीच संधी किंवा धोका.

धोका मोघम लिहिणं

माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. ‘ईव्हीमुळे धोका’ असं एका ओळीत लिहून कुणालाच काही करता येत नाही. त्याऐवजी आपण बनवतो त्या पार्टची यादी काढा आणि प्रत्येकापुढे लिहा: इलेक्ट्रिक गाडीत हा लागतो, लागत नाही की बदलून लागतो. पिस्टन, व्हॉल्व्ह, सायलेन्सर लागत नाहीत. ब्रेक, सस्पेन्शन, चाकांचे पार्ट लागतात. शेजारी त्या पार्टचा एकूण विक्रीतला वाटा मांडा. शेडचं किती काम खरोखर अडचणीत आहे, ते तिथल्या तिथे दिसतं.

धोक्यापुढे तारीखही हवी. गाड्यांच्या धुरासाठीच्या नियमांमध्ये बीएस-५ वगळून थेट बीएस-६ आणण्याचं सरकारने जानेवारी २०१६ मध्ये जाहीर केलं आणि ते १ एप्रिल २०२० पासून लागू झालं. त्यामुळे बहुतेक दुचाकींमध्ये कार्ब्युरेटरची जागा फ्युएल इंजेक्शनने घेतली. हातात चार वर्षं होती. ज्याने कागदावर तारीख लिहिली असेल, त्याला दरवर्षी मागे वळून विचारता आलं असेल की आपण किती सरकलो.

फक्त स्पर्धकाकडे पाहणं

व्यवस्थापनतज्ज्ञ मायकेल पोर्टर यांनी १९७९ मध्ये धंद्यावर दबाव आणणाऱ्या पाच शक्तींची चौकट मांडली: स्पर्धक, ग्राहक, पुरवठादार, नव्याने येणारे आणि पर्यायी माल. आपल्याकडे ती वापरताना सगळा वेळ ‘समोरचा काय भाव लावतो’ यात जातो. जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्या कंपनीसाठी पार्ट बनवून देण्याचं काम, करणाऱ्याला स्पर्धकापेक्षा ग्राहक जास्त दाबतो: भाव तो ठरवतो, पेमेंटची मुदत तो ठरवतो, वर दरकपातही मागतो. निम्म्याहून जास्त काम एकाच कंपनीचं असेल, तर आराखड्याची सुरुवात तिथूनच करा.

बीसीजी मॅट्रिक्स (बाजाराची वाढ आणि आपला वाटा यांवरून उत्पादनं चार चौकोनांत मांडायची पद्धत) लहान शेडने बाजूला ठेवलं तरी बिघडत नाही. त्यात सर्वांत मोठ्या स्पर्धकाच्या तुलनेत आपला बाजारातला वाटा लागतो आणि तो बहुतेकांना माहीतच नसतो. कोणता पार्ट मशीनच्या एका तासामागे किती पैसे मिळवून देतो, हे काढलं तर जास्त कामाला येतं.

चौकोन भरले, पुढे काय?

इथे अडकलात तर जोड्या लावा: कोणतं बलस्थान कोणत्या धोक्याला उपयोगी पडेल, कोणत्या उणिवेमुळे कोणती संधी हातची जाईल. दोन-तीनच जोड्या निवडा. प्रत्येकीपुढे एक काम, एका माणसाचं नाव, खर्चाचा आकडा आणि तीन महिन्यांनंतरच्या बैठकीची तारीख लिहा. नाव लिहायला कुणी तयार नसेल, तर ती जोडी खोडून दुसरी घ्या.