फोन बदलायचा की अजून वापरायचा: ठरवण्याआधीची तयारी

फोन बदलायचा की नाही, हे दुकानाच्या काउंटरवर किंवा मध्यरात्री सुरू होणाऱ्या सेलमध्ये ठरवू नका. तिथली सगळी मांडणीच तुम्ही ‘घेतो’ म्हणावं यासाठी असते. ठरवायचं घरी, आणि त्याआधी आठवडाभर एक साधी नोंद ठेवायची: फोन कुठे अडला, कधी अडला, त्यामुळे कोणतं काम राहिलं. ‘फोन स्लो झालाय’ असं मोघम लिहू नका. ‘भाजीवालीकडे क्यूआर स्कॅन करायला कॅमेराच उघडेना’, ‘संध्याकाळी दादरला गाडी पकडली तेव्हा बारा टक्के उरले होते’ असं लिहा. आठवड्याने ती नोंद वाचली की तक्रारी दोन-तीनच निघतात, आणि बहुतेक वेळा त्या बॅटरीच्या किंवा गच्च भरलेल्या स्टोरेजच्या असतात. या दोन्हींवर इलाज आहे. ज्यावर इलाज नाही ती गोष्ट वेगळी आहे, तिच्याकडे पुढे येतो.

आधी बॅटरी, कारण मुंबईत खरा जीव तिथेच अडकतो. विरारहून किंवा कल्याणहून सकाळी सातला निघालेला माणूस रात्री नऊला घरी पोचतो. मधल्या वेळात रिक्षाचे पैसे, ऑफिसचे मेसेज, मेट्रोचं तिकीट सगळं एकाच फोनवर. रेल्वेचा पास मोबाइलवर असेल आणि टीसी समोर आल्यावर फोन बंद असेल, तर पास असून नसल्यासारखा. लिथियम-आयन बॅटरी वापराने झिजतेच, त्यात फोनचा दोष नसतो. अ‍ॅपल सांगते की आयफोन १४ आणि त्याआधीच्या फोनच्या बॅटऱ्या आदर्श परिस्थितीत ५०० पूर्ण चार्ज सायकलनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के टिकतील अशा बनवल्या आहेत. आयफोन १५ पासून हाच आकडा १००० सायकल आहे. सायकल म्हणजे एकदा चार्जर लावणं नव्हे. आज निम्मी बॅटरी वापरली आणि उद्या निम्मी, तर दोन दिवसांची मिळून एक सायकल होते. म्हणजे रोज जवळजवळ पूर्ण बॅटरी संपवणाऱ्याच्या ५०० सायकल दीड वर्षात होतात. आयफोनमध्ये सेटिंग्जमधल्या ‘बॅटरी हेल्थ’मध्ये टक्केवारी दिसते, काही अँड्रॉइड फोनमध्येही आता दिसते. दिसत नसेल तर वीस टक्क्यांवर रोज किती वाजता येता ते आठवडाभराच्या नोंदीत लिहा. आकडा ८० च्या खाली असेल आणि बाकी फोन ठीक असेल, तर बॅटरी बदला, फोन नको.

एक तपासणी मात्र आजच करा. कव्हर काढा आणि फोन सपाट टेबलावर आधी पालथा, मग उताणा ठेवून बोटाने हलकेच फिरवून बघा. कॅमेऱ्याचा उंचवटा सोडून मधोमध टेकून तो भिंगरीसारखा फिरला, किंवा स्क्रीनची कड फ्रेमपासून केसभर उचललेली दिसली, तर बॅटरी फुगलेली असू शकते. मग चार्जिंग थांबवा, तिला दाबू-टोचू नका आणि फोन थेट सर्व्हिस सेंटरला न्या. यात ‘बघू पुढच्या महिन्यात’ चालत नाही.

बॅटरी बदलून घेताना शक्य असेल तर समोर उभं राहून बघा. बहुतेक फोनमध्ये कारागीर पाठीचं कव्हर गरम करून आतला गोंद सैल करतो, पातळ प्लास्टिकची पट्टी कडेकडेने सरकवत कव्हर सुटं करतो, तांदळाच्या दाण्याहून लहान स्क्रू काढून क्रमाने मांडून ठेवतो. तो उकललेला गोंद म्हणजेच फोनचं पाण्यापासूनचं संरक्षण. म्हणून कव्हर परत बसवताना नवी गोंदपट्टी लावणार का, हे आधीच विचारा. ‘दाबून बसवतो, काही होत नाही’ असं उत्तर आलं तर दुसरं दुकान बघा. लॅमिंग्टन रोडला काम जाणणारे कारागीर भरपूर आहेत, एका उत्तरावर थांबायची गरज नाही. बॅटरी कंपनीची आहे की दुसरी, वॉरंटी किती महिन्यांची, हे बिलावर लिहून घ्या.

आता पैशांचा हिशोब. ‘जुन्या फोनला चार हजार येतात, मग त्यावर तीन हजार कशाला घालायचे?’ हा प्रश्न सगळे विचारतात, पण हा हिशोब चुकीचा आहे. फोन विकायचा नसेल तर त्याची विक्रीची किंमत तुमच्या काय कामाची? महिन्याचा खर्च काढा. समजा तीन हजारांच्या दुरुस्तीने फोन आणखी दीड वर्ष चालला, तर महिन्याला सुमारे १६७ रुपये पडले. चोवीस हजारांचा नवा फोन चार वर्षं वापरला तर महिन्याला ५००. हे आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमचे तुम्ही घाला. एकच अट: दुरुस्तीनंतर फोन किती महिने सुरक्षित चालेल हे प्रामाणिकपणे धरा. ओएलईडी या महागड्या प्रकारची स्क्रीन फुटली असेल आणि तिचाच खर्च नव्या फोनच्या निम्म्यावर जात असेल, तर मी स्वतः नवा फोन घेईन.

स्टोरेजचं काम अर्ध्या तासात होतं. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये ‘मॅनेज स्टोरेज’ उघडा आणि मोठ्यात मोठ्या फाइल आधी बघा. सोसायटीचा ग्रुप, शाळेचा ग्रुप, गावच्या भावकीचा ग्रुप मिळून किती जीबी खाऊन बसलेत ते दिसेल. मीडिया आपोआप डाउनलोड होणं बंद करा. स्टोरेज काठोकाठ भरलं की फोन रेंगाळतो. थोडी जागा मोकळी झाली की तोच फोन पुष्कळ सुधारतो.

आता ज्यावर इलाज नाही ती गोष्ट: सिक्युरिटी अपडेट, म्हणजे सुरक्षेतल्या त्रुटी बुजवायला कंपनी वेळोवेळी पाठवते ते सॉफ्टवेअर. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’च्या आत कुठेतरी सिक्युरिटी अपडेटची तारीख असते. ती शोधा आणि कागदावर लिहा. तारीख गेल्या दोन-तीन महिन्यांतली असेल तर निश्चिंत राहा. वर्षाहून जुनी असेल आणि नवा अपडेट येतच नसेल, तर तुमच्या फोनमधल्या त्रुटी जगाला माहीत होत चालल्या आहेत आणि त्या बुजवणारं कोणी उरलेलं नाही. ज्या फोनवर यूपीआय, बँकेचं अ‍ॅप आणि ओटीपी येणारं सिम आहे, तो बदलायला हे एवढं कारण पुरेसं आहे. फोन दिसायला नवाकोरा असला, चार्ज दोन दिवस टिकत असला तरी. ‘अजून सगळी अ‍ॅप चालतात की’ यावर विसंबू नका. व्हॉट्सअ‍ॅपने १ जानेवारी २०२५ पासून अँड्रॉइड ५ च्या आधीच्या फोनना सोडलं, पण त्या फोनचे सुरक्षा अपडेट त्याच्या कितीतरी वर्षं आधीच थांबले होते. अ‍ॅप बंद पडणं ही शेवटची घंटा असते.

नवा फोन घ्यायचं ठरलं तरी पहिला प्रश्न हाच विचारा: अपडेट कधीपर्यंत? गूगलने ऑक्टोबर २०२३ च्या पिक्सेल ८ पासून सात वर्षांचा शब्द दिला, सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये एस२४ मालिकेला तसाच दिला. स्वस्त फोनना सहसा बरीच कमी वर्षं मिळतात. ही वर्षं फोन बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही विकत घेतल्यापासून नाही. दोन वर्षांपूर्वी आलेला, चार वर्षं अपडेटचा फोन सेलमध्ये स्वस्तात घेतलात, तर हातात दोनच वर्षं उरली. किंमत उरलेल्या वर्षांनी भागून बघा. स्वस्त वाटणारा फोन पुष्कळदा महाग निघतो.

आणि इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. आपल्या घरांत नवा फोन मुलाला किंवा सुनेला येतो आणि जुना आईकडे, सासऱ्यांकडे जातो. ‘तिला काय, व्हॉट्सअ‍ॅप आणि फोनच तर लागतो’ असं म्हणतो आपण. पण पेन्शन त्यांच्याच खात्यात येते, आता यूपीआयही ते वापरतात, आणि ‘केवायसी संपलंय’, ‘वीज कापणार’ असे फोनही त्यांनाच येतात. घरातला सर्वांत असुरक्षित फोन सर्वांत जास्त लक्ष्य होणाऱ्या माणसाच्या हाती द्यायचा, हे मला पटत नाही. अपडेट चालू असलेला जुना फोन खुशाल द्या. अपडेट थांबलेला असेल तर त्यात बँक आणि यूपीआय नको. घरच्या वायफायवर भजनं, नातवंडांचे फोटो, रेसिपीचे व्हिडिओ यासाठी ठेवा आणि आईसाठी साधा पण नवा, अपडेट मिळणारा फोन घ्या. सायबर फसवणुकीसाठीचा १९३० हा हेल्पलाइन क्रमांक तिच्या फोनमध्ये आजच सेव्ह करा.

मुंबईचा पाऊस हा यादीतला स्वतंत्र मुद्दा आहे, आणि तो मे महिन्यात बघायचा, जुलैत नाही. आयपी६८ (पाणी-धुळीपासूनच्या संरक्षणाची श्रेणी) लिहिलेला फोनही कायमचा जलरोधक नसतो. ती चाचणी प्रयोगशाळेत गोड्या पाण्यात होते, आणि सील वापराने, पडल्याने, उघडल्याने कमजोर होतं. पाण्याने झालेलं नुकसान साध्या वॉरंटीत सहसा बसत नाही. फोन एकदा उघडला गेला असेल, कडेला तडा असेल, तर हिंदमाताला तुंबलेल्या पाण्यातून चालताना तो झिपच्या प्लास्टिक पिशवीत ठेवा. चार्जिंग पोर्ट ओलं असताना चार्जर लावू नका. भिजलेला फोन तांदळात पुरून ठेवायची पद्धत सोडा. तांदळाचा भुगा पोर्टमध्ये जातो, अ‍ॅपलही तसं करू नका असंच सांगते. फोन बंद करून, पोर्ट खाली धरून पाणी झटका आणि हवेशीर जागी ठेवा.

बाकीची कारणं झटपट निकाली निघतात. फक्त ५जी नाही म्हणून चांगला ४जी फोन टाकू नका. १ ऑक्टोबर २०२२ ला ५जी सुरू झालं तेव्हा मुंबई पहिल्या शहरांत होती, गर्दीच्या स्टेशनवर त्याचा फायदा जाणवतोही, पण पैसे पाठवायला आणि व्हिडिओ कॉलला ४जी पुरतं. फोटो धूसर येत असतील तर आधी लेन्स मऊ कापडाने पुसा. नुसती हौस असेल तर तीही चालेल, मात्र तिला गरजेचं नाव देऊ नका आणि कर्ज काढू नका.

कर्जावरून आठवलं: ‘नो कॉस्ट ईएमआय’, म्हणजे बिनव्याजी म्हणून दिले जाणारे हप्ते. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नाही, असं रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. आता व्याज लावतात आणि तेवढीच सूट दाखवतात. पण क्रेडिट कार्डावर त्या व्याजाच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी आणि वर प्रोसेसिंग फी बसते. रोखीची किंमत आणि सगळे हप्ते अधिक फी, अशा दोन बेरजा शेजारी मांडा. थांबता येत असेल तर सप्टेंबर ते दिवाळी हा काळ बरा. नवे आयफोन सप्टेंबरात येतात, आदल्या वर्षीच्यांच्या किमती उतरतात, आणि बाकी कंपन्याही सणाला सूट देतात. पण अपडेट थांबलेला किंवा बॅटरी फुगलेला फोन घेऊन मुहूर्ताची वाट बघू नका.

जुना किंवा रिफर्बिश्ड (दुरुस्त करून पुन्हा विकायला काढलेला) फोन घेणार असाल, मग तो मनीष मार्केटमधून असो की ओळखीच्या माणसाकडून, पैसे देण्याआधी *#०६# दाबा. दिसणारा आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, खोक्यावरच्या आणि बिलावरच्या आकड्याशी जुळवा. मग ‘केवायएम’ ही इंग्रजी अक्षरं, एक जागा सोडून तो पंधरा आकडी क्रमांक, असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. फोन ब्लॅकलिस्टमध्ये, म्हणजे चोरीचे वगैरे म्हणून बंद केलेल्या फोनच्या यादीत, असेल तर कळेल. बिल नाही म्हणणाऱ्याकडून घेऊ नका, किंमत कितीही मोहाची असो.

बदलण्याचा दिवस महिनाअखेरीचा नको, पगाराचा नको, प्रवासाचा तर नकोच. शनिवार सकाळ ठेवा. गूगलचं फुकट १५ जीबी आता अँड्रॉइडच्या व्हॉट्सअ‍ॅप बॅकअपलाही वापरलं जातं, तेव्हा तिथे जागा आहे का ते आदल्या रात्री बघा; किंवा दोन्ही फोन समोरासमोर ठेवून क्यूआरने चॅट थेट हलवा. यूपीआय नव्या फोनवर पुन्हा नोंदवावं लागतं, त्यासाठी बँकेत नोंदवलेलं सिम त्या फोनमध्ये हवं आणि एसएमएस जाण्यापुरता बॅलन्स हवा. सुरुवातीला काही काळ रकमेवर मर्यादा असू शकते, म्हणून खिशात थोडी रोख ठेवा. मोबाइलवर रेल्वेचा पास असेल तर तो संपण्याच्या सुमारास फोन बदलणं सोयीचं. ऑथेंटिकेटरचे, म्हणजे लॉगिनसाठी कोड देणाऱ्या अ‍ॅपचे, कोड जुन्या फोनमध्येच राहू शकतात, ते आधी हलवा.

जुना फोन पंधरा दिवस तसाच ठेवा. काहीतरी राहिलेलं असतंच, बहुधा एखादा कॉन्टॅक्ट किंवा नोट्समध्ये लिहिलेला गॅसचा ग्राहक क्रमांक. नंतर तो कचऱ्याच्या डब्यात नाही, तर कंपनीच्या संकलन केंद्रात किंवा अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे द्या. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार ती जबाबदारी उत्पादकांवर आहे. कोणाला वापरायला देणार असाल तर फॅक्टरी रीसेट करण्याआधी गूगल किंवा अ‍ॅपलच्या खात्यातून बाहेर पडा, नाहीतर रीसेटनंतर तो तुमचाच पासवर्ड मागत बसेल आणि पुढच्या माणसाला उघडताच येणार नाही.