रेडिअस सर्व्हर अपडेट केला, पण दार लावलं का? या चुका टाळा

मे महिन्यात नागपूरच्या हिंगणा रोडवरच्या एका केबल-इंटरनेटवाल्याकडे गेलो होतो. रॅकसमोर कूलर लावलेला. दमट हवा थेट स्विचवर, पण तो विषय वेगळा. तिथला पोरगा म्हणाला, "भाऊ, फ्रीरेडिअस अपडेट मारला न, आता काऊन टेन्शन घेता?"

फ्रीरेडिअस म्हणजे फुकट मिळणारा रेडिअस सर्व्हर: ग्राहकाचं नाव-पासवर्ड तपासून कंपनीच्या राउटरला होकार किंवा नकार देणारा प्रोग्राम. त्यात कोणकोणते राउटर विचारू शकतात, ती क्लायंट्सची कॉन्फिग फाइल उघडली. बारा राउटर, आणि बाराही ठिकाणी सीक्रेट, म्हणजे राउटर आणि सर्व्हरमधला गुप्त शब्द, टेस्टिंग१२३. हे सीक्रेट फ्रीरेडिअस सोबतच देतो, तेही फक्त लोकलहोस्टवर चाचणीपुरतं. ते जगजाहीर आहे. राउटर-सर्व्हरमधलं पॅकेट हाती लागलं की पीएपीचा (लॉगिनची सगळ्यात साधी पद्धत) पासवर्ड त्याच सीक्रेटने उलगडतो. प्रत्येक राउटरला वेगळं, निदान १६ अक्षरांचं, यंत्राने काढलेलं सीक्रेट द्या.

पण लांब सीक्रेटने सगळं भागत नाही. जुलै २०२४ मध्ये जाहीर झालेल्या ब्लास्ट-रेडिअस (सीव्हीई-२०२४-३५९६) या हल्ल्याला सीक्रेट माहीत असावंच लागत नाही. राउटर आणि सर्व्हरच्या मध्ये बसलेला माणूस विनंतीत प्रॉक्सी-स्टेट नावाचा जादा मजकूर घुसवतो, एमडी५ची टक्कर घडवतो (दोन वेगळ्या उत्तरांची पडताळणीची खूण एकच येईल असं करतो) आणि नकाराचा होकार करून टाकतो. दोष प्रोटोकॉलमध्येच आहे. पीएपी, चॅप, एमएस-चॅप या लॉगिनच्या तिन्ही पद्धती यात सापडतात. ईएपी (हॉस्टेल-ऑफिसच्या वाय-फायवरची पद्धत) सुटतं, कारण तिथे मेसेज-ऑथेंटिकेटर, म्हणजे पॅकेटमध्ये फेरफार झाला नाही याची खूण, सक्तीचा असतो.

फ्रीरेडिअस ३.०.२७ आणि ३.२.५ मध्ये यावर दोन सेटिंग आल्या: रिक्वायर_मेसेज_ऑथेंटिकेटर (ती खूण नसलेलं पॅकेट घेऊ नको) आणि लिमिट_प्रॉक्सी_स्टेट (खूण नसताना प्रॉक्सी-स्टेट असलेलं पॅकेट घेऊ नको). पोराने अपडेट केलं होतं, पण या दोन ओळींना हात लावला नव्हता.

इथली पुढची चूक मी स्वतः केलेली आहे. धरमपेठेतल्या एका ठिकाणी पहिली सेटिंग सगळ्यांना एकदम 'यस' केली. जोडलेले ग्राहक चालूच राहिले, म्हणून मी चहाला गेलो. तेवढ्यात लाइट गेली, आली, घरोघरचे राउटर पुन्हा सुरू झाले आणि एकाचंही लॉगिन होईना. फोन सुरू झाले, राजेहो! कंपनीच्या राउटरमधलं जुनं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) मेसेज-ऑथेंटिकेटर पाठवतच नव्हतं आणि सर्व्हर ती पॅकेटं गुपचूप टाकून देत होता.

ओळखायचं कसं? पासवर्ड चुकला तर सर्व्हर 'रिजेक्ट' पाठवतो. राउटरच्या लॉगमध्ये 'टाइमआउट' दिसत असेल, तर पासवर्ड तपासत बसू नका. सीक्रेट किंवा मेसेज-ऑथेंटिकेटर बघा. आधी पहिली सेटिंग 'ऑटो' ठेवून डीबगमध्ये (सर्व्हर प्रत्येक पायरी छापून दाखवतो तेव्हा) कोणते राउटर मागे आहेत ते पाहा, त्यांचं फर्मवेअर बदला आणि मग एकेकाला 'यस' करा. ज्याचं अपडेटच येत नाही त्याला 'नो', पण सोबत लिमिट_प्रॉक्सी_स्टेट 'यस', आणि ती वाहतूक वेगळ्या मॅनेजमेंट व्हीलॅनमधून (ग्राहकांपासून वेगळं ठेवलेलं नेटवर्क) किंवा आयपीसेकच्या कूटबद्ध बोगद्यातून न्या. रेडिअसचे १८१२ आणि १८१३ पोर्ट बाहेरच्या इंटरनेटला दिसायला नकोतच.

हॉस्टेलच्या वाय-फायवाल्यांसाठी: फ्रीरेडिअसची चाचणीची सर्टिफिकेटं (सर्व्हर खरा आहे हे फोनला पटवणारी) मुळात ६० दिवसांची असतात. ती संपली की कुणीतरी पोरांना 'डू नॉट व्हॅलिडेट' (सर्टिफिकेट तपासू नको) निवडायला सांगतं. मग त्याच नावाचं खोटं वाय-फाय उभारणाऱ्याला पुढचं काम सोपं जातं.

आणि डीबगचं आउटपुट व्हॉट्सॲप ग्रुपवर "कोणी सांगा न" म्हणून टाकण्याआधी एकदा वर-खाली वाचा. पीएपी असेल तर ग्राहकाचा पासवर्ड त्यात जसाच्या तसा छापलेला असतो. त्या पोराने टाकला होता, ग्रुपमध्ये २०० जण.