मॉरिशसला नोकरीला निघालात? समुद्र सोडून बाकीचं सांगते

एबेन म्हणजे इथली ऑफिसांची वसाहत, तिथल्या ऑफिसातला माझा तिसरा दिवस. चहाच्या मशीनपाशी एका सहकारणीनं विचारलं, "तू हिंदू की मराठी?" मी म्हटलं, "दोन्ही." ती समजुतीनं हसली. मला प्रश्न कळलेला नाही हे तिला कळलं होतं.

इथे 'हिंदू' म्हटलं की साधारणपणे बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातून आलेल्यांचे वंशज, ज्यांच्या घरी एकेकाळी भोजपुरी बोलली जायची ते. तमिळ वेगळे, तेलुगू वेगळे, मराठी वेगळे. प्रत्येकाची देवळं वेगळी, संस्था वेगळ्या. मॉरिशस म्हणजे 'छोटा भारत' असं ऐकून आला असाल तर विमानतळावरच ते डोक्यातून काढून टाका. तुम्ही परदेशात आला आहात, फक्त इथल्या लोकांची आडनावं ओळखीची वाटतात.

मी चिपळूणची. बी.कॉम. केलं, मुंबईत एका ऑडिट फर्ममध्ये पाच वर्षं काढली आणि २०२१ च्या नोव्हेंबरात इथे आले. काम फंड अ‍ॅडमिनिस्ट्रेशनचं, म्हणजे गुंतवणूक फंडांचे हिशेब आणि कागदपत्रं सांभाळण्याचं, त्यातही कम्प्लायन्सचं, म्हणजे सगळं नियमांप्रमाणे होतंय ना ते बघण्याचं. दर महिन्याला कुणी ना कुणी विचारतं, "आम्हीही येऊ का?" म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

आधी हे समजून घ्या की ही नोकरी मुळात का आहे. भारत आणि मॉरिशसमध्ये १९८२ साली दुहेरी कर टाळण्याचा करार झाला. मॉरिशसमधल्या कंपनीमार्फत भारतात पैसे गुंतवले तर शेअर विकून झालेल्या नफ्यावर भारतात कर लागत नसे, आणि इथेही जवळपास लागत नसे. त्यामुळे जगभरचा पैसा या बेटावरून वळसा घालून भारतात यायचा. त्या पैशाचे हिशेब ठेवणाऱ्या, संचालक पुरवणाऱ्या, सभांची इतिवृत्तं लिहिणाऱ्या 'मॅनेजमेंट कंपन्या' इथे उभ्या राहिल्या. २०१६ साली करार बदलला आणि १ एप्रिल २०१७ पासून घेतलेल्या शेअरवर भारताला कर लावता येऊ लागला. सगळे म्हणाले, आता संपलं. संपलं नाही, पण कामाचं तोंड बऱ्याच अंशी आफ्रिकेकडे वळलं. मग फेब्रुवारी २०२० मध्ये काळा पैसा रोखण्याच्या नियमांतल्या त्रुटींवरून देश आंतरराष्ट्रीय करड्या यादीत, म्हणजे जास्त लक्ष ठेवायच्या देशांच्या यादीत गेला आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये बाहेर आला. त्या वीस महिन्यांत प्रत्येक कंपनीला ग्राहकांच्या जुन्या फाइली उघडून पुन्हा तपासाव्या लागल्या. माझ्यासारखीला बोलावणं आलं ते त्यामुळे. म्हणजे माझा पगार एका करारातून आणि एका यादीतून आला. मुलाखतीला जाण्याआधी या दोन गोष्टी वाचून जा. समोरचा माणूस समुद्राबद्दल काहीच विचारणार नाही.

हे सगळं एवढ्याशा देशात कसं आलं, याची गोष्ट उसापासून सुरू होते. मुख्य बेट १,८६५ चौरस किलोमीटरचं, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगर मिळून जेवढं होतं त्याच्या साधारण तिप्पट. संपूर्ण देशाची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. ऊस डचांनी १६३९ मध्ये आणला. त्याची मोठी शेती फ्रेंचांनी आणि १८१० नंतर इंग्रजांनी केली, आधी गुलामांकडून आणि १८३५ मध्ये गुलामगिरी संपल्यावर भारतातून आणलेल्या गिरमिट्यांकडून, म्हणजे करारावर आणलेल्या मजुरांकडून. १९६८ मध्ये स्वातंत्र्य मिळालं तेव्हा निर्यातीत साखरेशिवाय जवळजवळ काहीच नव्हतं. १९७० पासून निर्यातीसाठी कापडाचे कारखाने आले, मग हॉटेलं, मग आमचा धंदा. राजधानी पोर्ट लुईहून दक्षिणेकडे जाताना उसाच्या शेतात मधेमधे काळ्या दगडांचे उंच ढीग दिसतात. बेट ज्वालामुखीतून झालेलं, दगड आपल्या सह्याद्रीसारखाच काळा बेसाल्ट. तो हातांनी वेचून, रचून जमीन मोकळी केली ती या मजुरांनी. पहिल्यांदा ते ढीग पाहिले तेव्हा मला एखाद्या जुन्या देवळाचं जोतं वाटलं होतं.

राहायला कुठे? किनाऱ्यावर घर घेऊ नका, निदान पहिल्या वर्षी नको. ऑफिस एबेनला असेल तर रोझ हिल किंवा कात्र बोर्न बघा. पोर्ट लुईहून निघणारी मेट्रो ऑक्टोबर २०२२ मध्ये क्युरपीपपर्यंत गेली आणि २०२३ च्या सुरुवातीला एबेनलाही पोचली. त्याआधीचं माझं वर्ष बसच्या वेळा पाठ करण्यात गेलं. रात्री आठनंतर बस मिळेल असं धरून चालू नका.

क्युरपीप स्वस्त म्हणून भुलू नका. ते पठारावर आहे. जून ते ऑगस्ट तिथे गारठा, धुकं आणि रिपरिप. चिपळूणच्या पावसाळ्यात वाढलेल्या माणसाला चामड्याच्या बुटांवरची बुरशी नवी नाही, पण ती जुलैच्या थंडीत स्वेटर घालून पुसावी लागेल असं वाटलं नव्हतं. हो, इथला हिवाळा जूनमध्ये सुरू होतो आणि उन्हाळा डिसेंबरात. घरच्यांना हे दरवर्षी नव्यानं सांगावं लागतं.

उन्हाळ्याबरोबर वादळं येतात. नोव्हेंबर ते एप्रिल रेडिओवर 'क्लास' म्हणजे वादळाच्या इशाऱ्याचे टप्पे जाहीर होत असतात, एक ते चार. तिसरा लागला की काम बंद, घरी बसा. चौथा म्हणजे ताशी १२० किलोमीटरचे झोत येऊन धडकले. १५ जानेवारी २०२४ ला, बेलाल वादळाच्या दिवशी, माणसं सोमवार म्हणून कामावर गेली आणि पोर्ट लुईच्या रस्त्यांवर गाड्या तरंगायला लागल्या. मी त्या दिवशी घरीच होते, कारण शेजारच्या आजींनी आकाशाकडे बघून सांगितलं होतं, "आज जाऊ नकोस." तेव्हापासून क्लास कोणताही असो, मी आधी आजींना विचारते. पाण्याचे कॅन, मेणबत्त्या आणि चार दिवसांचं सामान नोव्हेंबरात भरून ठेवा.

भाषेचं गणित असं: ईमेल इंग्रजीत, वर्तमानपत्र फ्रेंचमध्ये आणि माणसं क्रेओलमध्ये, म्हणजे फ्रेंचमधून घडलेल्या इथल्या बोलीत. "की मान्येर?" म्हणजे कसं काय, आणि उत्तर "कोरेक". एवढ्यावर पहिला महिना निघतो. पण फ्रेंच शिकूनच या, निदान वाचण्यापुरतं तरी. देशाची संसद आणि न्यायालयं इंग्रजी वळणाची, पण करारमदार आणि मालमत्ता यांचा कायदा नेपोलियनच्या संहितेतून आलेला. माझा भाडेकरार फ्रेंचमध्ये होता. मान डोलावत सही केली. मुदतीआधी घर सोडायचं तर किती महिन्यांचं भाडं भरायचं हे त्यात लिहिलं होतं, ते सोडताना कळलं. अनामत गेली. लाज वाटली ती वेगळी, कारण ऑफिसात मी दुसऱ्यांचे करार तपासायचे पैसे घेत होते.

बाजारात मात्र भाषा आपल्या बाजूला येते. कोथिंबीर 'कोतोमिली', कढीपत्ता 'कारीपुले', भेंडी 'लालो'. गातो पिमां म्हणजे डाळीचे छोटे वडे, पावात घालून सकाळी खातात. वडापावाची आठवण फारच झाली तर यावर भागवा. ढोलपुरी म्हणजे वाटलेली चणाडाळ भरलेली मऊ पोळी, एका वेळी दोन, मधे घेवड्याची उसळ आणि चटणी. पुरणपोळी समजून गोड लागेल अशी अपेक्षा धरू नका.

आता माझी दुसरी चूक. पहिल्या वर्षी एका पुरवठादाराबद्दल मी ऑफिसात तक्रारीचा ईमेल टाकला. मजकूर खरा होता, सूर मुंबईचा होता. तो माणूस आमच्या विभागप्रमुखाच्या बायकोचा चुलतभाऊ निघाला, आणि मी सोडून हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी काही बोललं नाही. दोन महिने माझ्या फाइली मात्र जरा हळू हलल्या. एवढ्या लहान देशात प्रत्येकजण कुणाचा तरी कुणीतरी असतो. तक्रार करायची तर आधी फोन करा, मग लिहा.

हाच नियम राजकारणालाही लावा. मुख्य बेटावर २० मतदारसंघ, प्रत्येकातून तीन खासदार. पूर्वेला साडेपाचशे किलोमीटरवर असलेल्या, याच देशाच्या रोड्रिग्ज बेटाचे दोन. शिवाय पडलेल्यांपैकी आठ जणांपर्यंत 'बेस्ट लूझर' म्हणून आत घेता येतात, जेणेकरून कुठलाही समाज अगदीच बाहेर राहू नये. त्यासाठी वापरतात ती जनगणना १९७२ ची, कारण नंतर समाजाची नोंद घेणंच थांबवलं. गंमत म्हणजे इतकी काळजी घेऊनही मुख्य बेटावरच्या साठच्या साठ जागा एकाच बाजूला जाण्याचा प्रकार तीनदा झाला आहे: १९८२, १९९५ आणि नोव्हेंबर २०२४. पंतप्रधानपद २०२४ पर्यंत रामगुलाम आणि जगन्नाथ या दोन घरांबाहेर एकदाच गेलं, २००३ ते २००५ पोल बेराँजे यांच्याकडे. जेवणाच्या टेबलावर यावर मत देऊ नका, ऐका. समोरच्याचा मामा कुठल्या तरी यादीत असतोच.

पैशांचं बोलू. एक मॉरिशियन रुपया म्हणजे आपले पावणेदोन ते दोन रुपये. पगाराचा आकडा लगेच गुणून घरी सांगण्याची घाई करू नका, कारण खायच्या बहुतेक वस्तू बोटीनं येतात आणि खर्चालाही तोच गुणाकार लागतो. ऑक्युपेशन परमिट, म्हणजे इथे राहून काम करण्याचा परवाना, त्या नोकरीला बांधलेलं असतं. नोकरी गेली तर राहण्याचा हक्कही लोंबकळतो. म्हणून नेमणूकपत्रात नोटिसीचा काळ, परतीचं तिकीट आणि वैद्यकीय विमा या तीन गोष्टी लेखी मागा. मी तिकीट मागितलं, विमा मागायचा राहिला. सरकारी दवाखाने फुकट आहेत आणि वाईट नाहीत, पण वेळ लागतो.

मराठी माणसं भेटतील का? भेटतील, पण पहिल्यांदा ओळखू येणार नाहीत. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडून आलेल्यांची ही पाचवी-सहावी पिढी. घरात क्रेओल बोलतात, मराठी शाळेत विषय म्हणून शिकतात. गणेश चतुर्थीची इथे देशभर सार्वजनिक सुट्टी असते. पहिल्या वर्षी मी एका घरी गेले तर अंगणात 'झाकरी' चालू होती. आमच्याकडचा कोकणातला नाच, जाखडी! ठेका तोच, शब्द अर्धे मला कळणारे, अर्धे नाहीत. त्यांनी मला अर्थ विचारला. एका ओळीचा मलाही सांगता आला नाही.

शेजारच्या आजी याच समाजातल्या. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत गिरमिट्यांच्या नोंदी जपून ठेवल्या आहेत: नाव, बोट, जिल्हा, गाव, मजुराचा क्रमांक. आजींनी खापरपणजोबांच्या नोंदीची प्रत काढून आणली होती. जिल्हा रत्नागिरी, आणि गाव कुणा इंग्रज कारकुनानं कानाला लागलं तसं लिहिलेलं. ते चिपळूणजवळचं असेल का, असं त्या मला तीन वर्षं विचारतायत. मी फोटो आईला पाठवला, आईनं तो अर्ध्या वाडीला दाखवला. आतापर्यंत चार वेगवेगळी गावं सुचवून झाली आहेत. आजींना चारही पसंत आहेत.

शेवटचं कामाचं: वर्षाअखेरीचा बोनस, म्हणजे तेरावा पगार, इथे कायद्यानं मिळतो आणि तो डिसेंबरात हातात येतो. त्याच महिन्यात मुंबईची तिकिटं सगळ्यात महाग असतात. बोनसच्या भरवशावर थांबू नका, तिकीट ऑगस्टमध्येच काढून ठेवा. येताना कुकर आणि गोडा मसाला आणा.