शेवंतीला कळ्या का येईनात?

पुण्यात गच्चीवरची शेवंती ऑक्टोबरात गुडघाभर वाढली, पण कळीचा पत्ता नाही. शेणखत घालून झालं, शेंडे खुडून झाले. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, त्या दिव्याखाली झोप लागेल का तिला?"

समोरच्या खांबावरचा एलईडी रात्रभर थेट कुंडीवर! शेवंतीला कळी धरायला लांब, अखंड अंधार लागतो. मध्यरात्री थोडा उजेड पडला तरी ती पानंच वाढवत बसते. (फुलशेतीवाले बहर पुढे ढकलायला रात्री मुद्दाम बल्ब लावतात, ते याचसाठी.)

मग संध्याकाळी सहा ते सकाळी आठ जाड काळं कापड टाकू लागले, बांबूंवर, पानांना न टेकवता. कळ्यांना रंग दिसल्यावर झाकणं थांबवलं. मावा ही बारीक कीड मात्र आलीच. तिच्यावर निंबोळी तेल फवारलं.