अमेरिकेच्या प्रेसिडेंटला कोण पाडू शकेल, हे कसं ओळखायचं

इंदूरच्या छप्पन दुकानवर पोहे-जिलबी खाताना आमच्या काकांचं ठरलेलं असतं, "टीव्हीवर पुढे दाखवतायत ना, मग तोच येणार!" काका, अमेरिकेत असं नसतं हो. देशभराचा पोल आधी बाजूला ठेवा, तिथे 538 पैकी 270 इलेक्टोरल मतं लागतात (ही राज्याराज्यांत वाटलेली असतात, राज्य जिंकलं की बहुतेक ठिकाणी तिथली सगळी खिशात), 2016 ला हिलरी क्लिंटनना देशभरात जवळपास 29 लाख मतं जास्त पडूनही त्या हरल्याच. म्हणून विरोधी पक्षातला एकेक इच्छुक घ्यायचा आणि काठावरच्या, म्हणजे कुणीही जिंकू शकेल अशा राज्यांत तो कितपत चालतो ते बघायचं, 2020 मध्ये बायडन देशात 70 लाखांनी पुढे होते पण ॲरिझोना, जॉर्जिया, विस्कॉन्सिन मिळून फरक जेमतेम 43 हजार, म्हणजे आपल्या इंदूरचे दोन-तीन वॉर्ड समजा!

मग खुर्चीवरच्याचे हाल बघा. 1980 ला प्रेसिडेंट कार्टर हरले, त्यांना महागाई आणि इराणमधले ओलीस नडले, 1992 ला हरलेल्या थोरल्या जॉर्ज बुशना मंदी. दोघांनाही आधी स्वतःच्याच पक्षातून आव्हान मिळालं होतं, आणि मला तरी हीच खूण सगळ्यात पक्की वाटते.

वर्षभर आधीचे पोल? त्यांवर शेव भुरभुरवा नि खाऊन टाका.