घटस्थापनेआधी माळा उतरवणार असाल तर

यंदा ज्यांना माळा उतरवायचा आहे, म्हणजे माळ्यावरची अडगळ खाली काढून घर आवरायचं आहे, त्यांनी दिवाळीची वाट बघू नये. आपल्या कोल्हापुरात नवरात्राचं धुणं निघतं तेव्हा वाकळा, जानं, घोंगडी, पडदे, सगळं नदीवर नाहीतर गच्चीवर जातं आणि फडताळं, ट्रंका, दिवाण आपोआप रिकामे होतात. वर्षातून एकदाच घर असं तळापर्यंत उघडं पडतं. दिवाळीत फराळ, पाहुणे आणि पोरांचा किल्ला यांच्या गर्दीत अडगळ नुसती या खोलीतून त्या खोलीत फिरते.

सगळ्यात आधी एक सांगते आणि पुढेही सांगत राहणार आहे. घराबाहेर जाणाऱ्या प्रत्येक ट्रंकेच्या, पेटीच्या, खणाच्या तळाला अंथरलेला कागद उचलून बघा. गेल्या वर्षी सासूबाई नणंदेकडे गारगोटीला गेल्या होत्या तेव्हा आम्ही त्यांची पत्र्याची ट्रंक रिकामी केली. साड्या नीट बाजूला काढल्या, ट्रंक गंजलेली होती म्हणून भंगारात दिली. तळाला वर्तमानपत्र होतं, ते तसंच राहिलं. त्याच्याखाली गावच्या सोसायटीचा बेबाकी दाखला, म्हणजे कर्ज फिटल्याचा कागद, होता आणि सासरे मुंबईला गिरणीत असताना त्यांनी पाठवलेली आंतरदेशीय पत्रं होती. सातबाऱ्यावर इतर हक्कात त्या फिटलेल्या कर्जाचा बोजा अजून दिसतोय हे नंतर कळलं. दाखला दुसरा मिळाला, हेलपाटे घालून मिळाला. पत्रं कुठून आणणार?

एकत्र कुटुंबात सून म्हणून आलेल्या बाईला स्वतःची अशी जागा किती असायची? खोली सगळ्यांची, कपाटाच्या किल्ल्या थोरल्या जावेकडे. माहेरून आलेली ट्रंक तेवढी तिची. त्यातही वरच्या थराला कुणीही हात घालायचं, म्हणून जे खरं जपायचं ते तळाच्या कागदाखाली जायचं. पैसे, पावत्या, पत्रं, मेलेल्या मुलाचं टोपडं. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या बायकांनी आयुष्यभर हेच केलंय. तेव्हा ट्रंक रिकामी झाली असं म्हणण्याआधी तो कागद उचला. हळूच उचला, जुना कागद तुकडे होऊन येतो आणि खालचं त्यालाच चिकटलेलं असतं.

म्हणून तयारीची सुरुवात माणसांपासून करा. ज्यांची वस्तू आहे त्यांना घरात असताना, जाग्या असताना, खुर्चीवर बसवून विचारा. सासूबाई, आई, आत्या जी कोण असेल तिला उन्हाच्या जागी बसवा, चहा द्या आणि एकेक वस्तू हातात द्या. "हे टाकू का?" असं विचारू नका. त्याला उत्तर एकच, "असू दे की, काय खायला मागतंय?" त्याऐवजी "आई, हे कुणी दिलं हो?" असं विचारा. त्या सांगतील. वेळ लागेल, लागू दे. आमच्याकडे एका पितळी डब्याची गोष्ट ऐकता ऐकता दुपारचे चार वाजले, आणि शेवटी त्यांनीच सांगितलं की हा धाकट्या जावेच्या सुनेला द्या, तिच्या लग्नात द्यायचा राहिला होता. गोष्ट सांगून झाली की वस्तू हातातून सुटते. चोरून टाकलेली वस्तू मात्र घरात वर्षानुवर्षं आठवली जाते. पोरांच्या बाबतीतही तेच, शाळेत गेल्यावर खेळणी काढू नका. नवऱ्याच्या वायरींचा खोका त्यांनाच उघडायला लावा.

दुसरं, सामान कुठे जाणार ते आधी ठरवा, मगच खाली उतरवा. हे न करता उतरवलेलं सामान दोन दिवस सोप्यात पडतं, मग पाहुणे येणार म्हणून परत वर चढतं. तांब्या-पितळेची भांडी आधी कुटुंबात विचारा. नाव घातलेलं भांडं असेल, मामाचं नाव, गाव, लग्नाची तारीख, तर त्या नावाचा फोटो काढल्याशिवाय मोडीत घालू नका. नात्यांचे किती धागे त्या ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांतच उरलेले असतात. मोडीत घालायचंच असेल तर तांबं, पितळ, अॅल्युमिनियम, लोखंड घरीच वेगळं करा आणि घरच्या काट्यावर वजन करून लिहून ठेवा. सगळं एकत्र पोत्यात भरून दिलं की तांब्याला पितळेचा भाव येतो. बंब आणि घंगाळ बहुतेक तांब्या-पितळेचे असतात, ते लोखंडाच्या ढिगात जाणार नाहीत एवढं बघा. आणि हंड्यात, घागरीत हात घालून बघा. त्यांनाही तळ असतो.

सुती साड्या, धोतरं, पोरांचे मऊ झालेले कपडे वाकळ शिवणाऱ्या बाईसाठी वेगळे. नायलॉन, जॉर्जेट तिला नको, सुई सरकत नाही आणि ऊबही नाही. चांगले कपडे धुऊन, बटणं लावून द्या. फाटकं, डाग पडलेलं कुणाला दान म्हणून देऊ नका, घेणारा माणूस आहे. दानाला काढलेल्या साडीची घडी पूर्ण मोडा. झंपराच्या घडीत, उशीच्या अभ्र्यात, स्वेटरच्या खिशात नोटा निघतात. 2016 च्या नोव्हेंबरात बंद झालेल्या पाचशे-हजाराच्या नोटा निघाल्या तर त्यांचं काही होत नाही, पण घरातल्या कुणाचं तरी साठवलेलं निघालं हे त्या व्यक्तीला सांगा, गुपचूप फेकू नका.

पुस्तकं. आपल्याकडे करवीर नगर वाचन मंदिर 1850 पासून आहे, शहरात पुस्तकांवर प्रेम करणारी माणसं आहेत, पण म्हणून पोतं भरून कुठल्याही वाचनालयाच्या दारात ठेवू नका. यादी करा, विचारा, त्यांना हवं ते द्या. जुनी क्रमिक पुस्तकं कुणी घेत नाही, ती रद्दीच. प्रत्येक पुस्तक उलटं धरून झटका. पानांत काय काय ठेवतात लोक!

आता कागद, इथे घाई करणाऱ्याचा मला राग येतो. "जुने कागद आहेत, बिलं असतील" म्हणून गठ्ठा रद्दीत देतात. गठ्ठा सोडा आणि एकेक कागद बघा. विजेची जुनी बिलं जाऊ द्या. घरफाळ्याच्या, पाणीपट्टीच्या पावत्या ठेवा. खरेदीखत, वाटणीपत्र, मृत्युपत्र, सातबारा, मिळकत पत्रिका, बँकेचा ना-देय दाखला, सोसायटीचा बेबाकी दाखला, हे सगळं मूळ असेल तर सोन्याच्या बरोबरीनं ठेवा. खरेदीखताची नक्कल दुय्यम निबंधकाकडे मिळते, पण मूळ हरवलं की पोलिसांत नोंद, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आणि कर्ज काढताना बँकेचे शंभर प्रश्न. बँकेचं जुनं पासबुक, ठेवीची पावती मिळाली तर ती कितीही जुनी असो, फेकू नका. दहा वर्षं कुणी हात न लावलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, पण ठेवीदाराचा किंवा वारसाचा हक्क जात नाही. 2023 पासून रिझर्व्ह बँकेच्या 'उद्गम' संकेतस्थळावर बऱ्याच बँकांतल्या अशा ठेवी नावावरून शोधता येतात. कागदी शेअर 2019 पासून तसेच विकता येत नाहीत, आधी डीमॅट, म्हणजे संगणकावरच्या खात्यात जमा, करावे लागतात, पण म्हणून ते रद्दी झाले नाहीत.

मोडी लिपीतला कागद निघाला तर तो कोपऱ्यात सारू नका. कोल्हापूर संस्थान 1 मार्च 1949 ला मुंबई प्रांतात विलीन झालं. त्याआधीचे जमिनीचे, इनामाचे, देण्याघेण्याचे कितीतरी कागद मोडी लिपीत आहेत. आपल्याला वाचता येत नाही म्हणजे त्यात काही नाही असं कसं ठरवणार? शहरात पुराभिलेखागार आहे, मोडी वाचणारी माणसं आहेत. वाचून घ्या, मग ठरवा.

आणि हे कागद जिथे नसतात असं वाटतं तिथेच असतात. देवघराच्या खणात, पंचांगांच्या गठ्ठ्यात, पिठाच्या डब्याच्या आतल्या झाकणात, फोटोच्या फ्रेमच्या मागे. फ्रेम मोडीत देताना मागचा पुठ्ठा काढा. कपाटाच्या खणात अंथरलेला कागद काढा. ट्रंकेचा तर काढाच. मला माहीत आहे की हे तिसऱ्यांदा सांगतेय. ट्रंक उलटी करून झटकली की झालं असं आम्हालाही वाटलं होतं. खळ लावून चिकटवलेला कागद झटकून पडत नाही, नखानं कड उचलावी लागते.

माळ्याबद्दल आपल्या गावापुरतं एक वेगळं बोलायचं आहे. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी 39 फुटांच्या इशारा पातळीला आलं की नदीकाठच्या गल्ल्यांत सामान वर चढायला लागतं, 43 फुटांना धोका पातळी. 2019 ला पूर आला, तो विसरायच्या आत 2021 ला आला. घाईत वर चढवलेलं सामान पाणी ओसरल्यावर खाली उतरतच नाही, कारण तेव्हा घर धुवायचं असतं, चिखल काढायचा असतो, आणि वरचं वरच राहतं. आज माळ्यावर जे आहे त्यातलं बरंचसं असंच पुरात चढलेलं आहे. मग पुढच्या पावसाळ्यात धान्य, गाद्या, पोरांची दप्तरं, गॅसची शेगडी कुठे ठेवणार? ज्यांच्या घरात पाणी येतं त्यांनी माळा निम्मा मोकळाच ठेवला पाहिजे. मोकळी जागा बघून तिथे काहीतरी ठेवायची सवय आपल्या हाडात आहे, ती इथे मोडायला हवी. मूळ कागद एका जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत, ती पिशवी एका ठरलेल्या खुंटीला, आणि ती खुंटी घरातल्या प्रत्येकाला माहीत. पूर आला की पहिली ती पिशवी बाहेर.

चढताना शिडी एकानं धरा. अंधारात हात घालू नका, विंचू असतो, आधी बॅटरी मारा. उंदराच्या लेंड्या कोरड्या झाडू नका, फडकं ओलं करून पुसा, नाकाला रुमाल बांधा. हातमोजे, पोती, मार्कर, हे काय सांगायला पाहिजे?

विजेच्या वस्तू भंगारवाल्याच्या लोखंडात टाकू नका. मोबाइलमधून सिम आणि कार्ड काढा, फोटो उतरवून घ्या, सगळा मजकूर पुसा. बॅटरी फुगली असेल तर ती दाबू नका, टोचू नका, वेगळी ठेवा. ट्यूब आणि जुने सीएफएल दिवे फोडू नका, आत पारा असतो. ई-कचऱ्याचे नवे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत, माल बनवणाऱ्या कंपन्यांवर तो परत गोळा करून मार्गी लावायची जबाबदारी आहे. त्यांची संकलन केंद्रं विचारून घ्या. गॅसचं जादा सिलिंडर वितरकाकडे परत. मुदत संपलेली औषधं वेगळ्या पिशवीत.

भंगारवाला, रद्दीवाला, वाकळवाली, सगळ्यांना एकाच दिवशी बोलवू नका. पण निघालेली वस्तू घरात एका आठवड्यापेक्षा जास्त ठेवूही नका, मन बदलतं. देण्याआधी दारात एकदा शेवटचं बघा, डबा उघडा, तळ बघा.

लग्नाची व्हीएचएस कॅसेट बुरशी धरण्याआधी संगणकावर घ्या. फोटो प्लॅस्टिकच्या चिकट पानांतून काढून कागदाच्या पाकिटात.

परत वर जाणार ते थोडकंच असावं. कडूनिंबाचा पाला किंवा डांबराच्या गोळ्या, कसर लागते. प्रत्येक डब्यावर आत काय आहे आणि कुणाचं आहे ते दिसणाऱ्या बाजूला लिहा, झाकणावर नको, एकावर एक ठेवले की झाकण दिसत नाही. उरलेला सुका कचरा सकाळच्या कचरागाडीला, टिप्परला, थोडा थोडा, सगळा एकदम नाही. मग धुणं वाळलं की वाकळा आत घ्या.