ब्रेक चांगला होता, तरी हुक घसरत होता

आमच्या १० टनी ईओटी क्रेनचा (छताखालच्या रुळांवर चालणारी विजेची क्रेन) हुक थांबवल्यावर बोटभर खाली यायचा. सगळ्यांचं एकच, ब्रेक आवळा. मीही दोनदा आवळला. ब्रेकचं लायनर (घासून पकडणारा थर) जाड, ब्रेक ड्रम कोरडा, तरी घसरण तशीच. शिवाय वर-खाली दिशा बदलताना ‘टक्’ असा बारीक आवाज. त्याकडे महिनाभर कोणी लक्षच दिलं नाही, मीसुद्धा.

शेवटी भार उतरवला, मेन स्विचला कुलूप लावलं आणि मोटार आणि गिअरबॉक्स यांना जोडणाऱ्या कपलिंगवर शाफ्टपासून (फिरणारा दांडा) हबपर्यंत (कपलिंगचा शाफ्टवर बसणारा भाग) खडूची सरळ रेघ ओढली. कुलूप काढून रिकामा हुक चार-पाच वेळा वर-खाली केला. रेघ तुटली होती, दोन तुकड्यांत जवळजवळ ३ मिमी फरक!

कपलिंग खोललं तर चावीच्या, म्हणजे शाफ्ट आणि हब एकत्र फिरावेत म्हणून दोघांच्या खाचेत बसवलेल्या धातूच्या पट्टीच्या, कडा गोल झालेल्या, एका टोकाला तडा. ब्रेक मोटारच्या बाजूला. चावी तुटली असती तर ब्रेक घट्ट धरून बसला असता आणि भार मात्र सुटला असता. पाहून घशाला कोरड पडली.

फक्त चावी बदलून भागणार नव्हतं, कारण खाचही रुंद झाली होती. पत्र्याची पट्टी ठोकायचा सल्ला मिळाला, तो साफ धुडकावला. नवं कपलिंग, शाफ्टवर नवी खाच, खाचेत घट्ट बसणारी चावी. मग सव्वापट भाराची चाचणी, जमिनीपासून वीतभर उंचीवर. हुक जागचा हलला नाही. खडूची रेघ तेवढी आता कायम ठेवली आहे, ऑइल पेंटने.